बोरवंडात बोरवंडकर नाहीत

टर्नर, आणि मग काटेवाडी

मे महिन्यात इंदापूर तालुक्यात फिरायला कोण जातं, असं परत आल्यापासून मला सगळ्यांनी विचारून झालं. कुणीच जात नाही. ज्यांचं डोकं ठिकाणावर असतं ते महाबळेश्वरला जातात, स्ट्रॉबेरी खातात आणि घरी येतात. मी गेले त्याचं मूळ अमेरिकेत आहे, त्यामुळे सुरुवात तिथूनच करावी लागणार. जरा धीर धरा, बारामतीला पोचवते.

माझा मुलगा अमेरिकेत दक्षिणेकडे टर्नर नावाच्या एका लहानशा गावात राहतो. गावातला ओढा टर्नर, ओढ्यावरचा पूल टर्नर, शाळा टर्नर, आणि दात काढणारा डॉक्टरही टर्नर. कुणे एके काळी कुणी एक टर्नर घोडागाडीतून तिथे आला, ओढ्यावर पिठाची गिरणी घातली आणि सगळ्या मुलखाला आपलं आडनाव चिकटवून मोकळा झाला. आपल्याकडे हे नेमकं उलटं. आपला माणूस गावाचं नाव पाठीला बांधून बाहेर पडतो आणि पिढ्यान्‌पिढ्या वागवतो. मी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला, पण ही गंमत माझ्या ध्यानात आली ती मुलाच्या घरी बसून बसून विटल्यावर.

तिथल्या वाचनालयातल्या बाईंचं आडनावही टर्नर. बाई काळ्या, उंच, माझ्याच वयाच्या. मी आपलं भाबडेपणाने विचारलं, "गिरणीवाले टर्नर तुमचे कोण?" त्या हसल्या आणि मला गावाबाहेरच्या दफनभूमीत घेऊन गेल्या. कुंपणाच्या अलीकडे संगमरवरी दगड, प्रत्येकावर टर्नर. कुंपणाच्या पलीकडे नुसते शेतातले धोंडे, कशावर काही लिहिलेलं नाही. "हेही टर्नरच," बाई म्हणाल्या. "त्याच्या कापसात राबणारी माणसं. मालकाचं नाव त्यांना लावलं गेलं. कुणी विचारलं नव्हतं त्यांना."

"मग तुम्हाला राग नाही येत या नावाचा?"

"लहानपणी यायचा. पण ते माझ्या आजीने वाहिलं, आईने वाहिलं, मी वाहते आहे. आता गिरणीवाला आला तरी परत मिळणार नाही त्याला." मग त्यांनी मला विचारलं, "तुमच्या नावात कोण आहे?"

मी म्हटलं, "माझ्या नावात गाव आहे. बोरवंड."

"कसं आहे ते गाव?"

झाली का पंचाईत! लग्न होऊन बोरवंडकर झाल्याला उभा जन्म लोटला. ह्यांना जाऊन तीन वर्षं झाली. 'इंदापूरकडे कुठंतरी आहे,' यापलीकडे ह्यांनाही काही माहीत नव्हतं. कुलदैवत नरसिंहपूरचं, तेवढं पक्कं. ते जाऊ-जाऊ म्हणत राहिले आणि राहून गेलं. परक्या देशात, परक्या थडग्यांच्या मध्ये उभी असताना मला ह्यांची अशी काही आठवण आली की डोळेच भरून आले. टर्नरबाईंना वाटलं, ऊन लागलं.

परत आले आणि माझ्या बहिणीचा मुलगा विकास याच्याकडे काटेवाडीला जाऊन धडकले. विकास शेडनेटमध्ये ढोबळी मिरची लावतो, बारामतीच्या बाजारात पाठवतो. बारामती मी लहानपणी पाहिली होती तेव्हा टांगे होते. आता रस्ते असे चकचकीत की पुण्याच्या माणसाने मान खाली घालावी. विकासच्या बायकोने बाजरीची भाकरी, शेंगदाण्याचा झुणका आणि ताक असं जेवू घातलं. ताक म्हणजे ताक, पुण्यात मिळतं ते धुवण नव्हे. विकासला मी म्हटलं, "गाडी काढ. गाव शोधायचंय."

"नकाशात बघितलं का मावशी?"

"भूगोलाची बाई आहे मी. नकाशात बोरवंड नाही, म्हणून तर तुला सांगते."

नरसिंहपूर

भल्या पहाटे निघालो. वालचंदनगरची धुराडी मागे पडली, कॉलनीतली जुनी डेरेदार झाडं मागे पडली, आणि मग दोन्ही बाजूंना नुसता ऊस. नरसिंहपूरला घाटाच्या पायऱ्यांवर उभं राहिलं की समोर भीमा-नीरेचा संगम. उन्हाळ्यामुळे दोन्ही नद्या अंग चोरून पडल्या होत्या. देवळात गर्दी नव्हती. पुजारी चाळिशीतले, चटपटीत. अभिषेकाची पळी हातात घेऊन त्यांनी संकल्पासाठी आडनाव विचारलं.

"बोरवंडकर."

पळी तिथेच थांबली. पाणी देवावर पडायचं ते त्यांच्या पितांबरावर पडलं.

"माहेरचं नाव की सासरचं?"

"सासरचं. का हो?"

"चालतंय का बघायला हवं," ते स्वतःशीच म्हणाले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "या नावाचं कुणी दर्शनाला आलं तर भागाआक्काकडे पाठवायचं, असा निरोप आहे. माझ्या वडलांनाही तिनं हेच सांगून ठेवलं होतं."

"कोण भागाआक्का? आणि बोरवंड आहे कुठे?"

"जुनं बोरवंड उजनी धरणाच्या पाण्याखाली गेलं. नवं तिथंच काठाला माळावर वसलंय. जुनं एरवी दिसत नाही. एखाद्या वर्षी पाणी फारच आटलं तर उघडं पडतं." त्यांनी दाराबाहेर नदीकडे बोट केलं. "भीमेला खाली येतंय ना हे पाणी, ते तुमच्या गावावरून वाहूनच इथं येतं."

त्यांनी पुढचा अभिषेक उरकला. मी बाहेर येऊन घाटावर बसले. आपलं गाव धरणात बुडालेलं आहे, हे माणसाला चौसष्टाव्या वर्षी अभिषेक चालू असताना कळावं! ह्यांना हे सांगायला हवं असं वाटलं आणि सांगायला ते नाहीत हेही लगेच आठवलं. पाण्यात पाय सोडायला गेले होते, ते सोडवेनात.

इंदापूर

इंदापुरात उसाच्या रसाच्या गाड्याजवळ विकासने वाट विचारली. गाडीवाला साठीचा, टोपी घातलेला. "बोरवंडला कुणाकडं?" त्याने विचारलं.

"मावशीचं गाव हाय. बोरवंडकर हायेत त्या."

त्याने चरक बंद केला. घुंगरं थांबली. खाली वाकून गाडीत डोकावून त्याने माझ्याकडे नीट पाहिलं आणि हात जोडले. "आत्या, बर्फ टाकू का?"

माझ्याच वयाचा बाप्या, आणि मला आत्या! मी म्हटलं, "तुमची माझी ओळख?"

"मी बी बोरवंडचाच. पान्यातल्या." त्याने ग्लास पुढे केला. "जावा लवकर. आक्का वाट बघतीया."

मला ते मुळीच आवडलं नाही. ज्या बाईचं नाव मी सकाळपर्यंत ऐकलं नव्हतं, ती माझी वाट बघते म्हणजे काय? विकासला म्हटलं, "ही काहीतरी फसवाफसवी आहे. पुजाऱ्याने फोन केला असणार." विकास म्हणाला, "असंल की. पण मावशी, तुम्ही येणार हे पुजाऱ्याला तरी कुठं ठाऊक होतं?" या मुलाला लहानपणापासून नको तिथे अक्कल सुचते.

नवं बोरवंड

डांबरी सोडून कच्च्या वाटेला लागलो. दोहो बाजूंना पेरूच्या आणि डाळिंबाच्या बागा, ठिबकच्या नळ्या, आणि दूर पांढरट पाण्याची पट्टी. वळणावर एक पन्नाशीचा माणूस मोटारसायकल लावून उभा होता. रसवाल्याने त्याला फोन केला होता, हे त्याने प्रांजळपणे सांगितलं. तो भागाआक्काचा मुलगा. गाव त्याला तात्या म्हणतं.

"या आत्या," तात्या म्हणाला.

"अहो, मी तुमची आत्या कशी?"

"आसं हाय बगा," तात्या गाडीच्या काचेला रेलला. "बोरवंडात बोरवंडकर कोन बी न्हाय. आमी शिंदे, गायकवाड, जगताप. गावात ऱ्हातंय त्याला गावाचं नाव कशाला लागतंय? गाव सोडून गेलं त्यालाच त्ये लागतंय. आन गाव सोडून गेली ती गावाची लेक. बाप्या असू, नायतर बाई. लेक म्हंजी आमाला आत्याच की."

टर्नर गावात टर्नर मावत नाहीत आणि बोरवंडात बोरवंडकर औषधाला नाही. मला हसू आलं. ते फार वेळ टिकलं नाही.

गाव नीटनेटकं होतं. गल्ल्या सरळ. तात्या सांगत होता की धरणाच्या वेळी गाव उठलं ते जसंच्या तसं बसवलं, ज्याची गल्ली त्याची गल्ली, शेजाऱ्याला शेजारी. प्रत्येकाने जुन्या घराचा उंबरा तेवढा बैलगाडीत घालून आणला आणि नव्या दाराला बसवला. तिसऱ्या गल्लीत डावीकडे दोन घरांच्या मधे एक जागा मोकळी होती. भिंत नाही, छप्पर नाही. मधोमध दगडी उंबरा. सगळीकडे शेणाचा सडा आणि उंबऱ्यापुढे ओली रांगोळी.

"हे तुमचं घर," तात्या म्हणाला.

"माझं?"

"बोरवंडकराचं. जुन्या गावात बी त्ये मोकळंच हुतं, तुमचं लोक कवाच गेलं हुतं. पर जागा ठिवली. सडा-रांगुळी पाळीपाळीनं घालत्यात बाया. या, उंबऱ्यावरनं या."

गल्लीत बायका दारात येऊन उभ्या होत्या. मी उंबरा ओलांडला आणि चार भिंती नसलेल्या घरात जाऊन उभी राहिले. मला एकदम कुणाच्यातरी घरात न विचारता शिरल्यासारखं झालं. मी भराभर बाहेर आले तर सगळ्या बायका एकदम गोड हसल्या.

भागाआक्का शेजारच्याच घरात. पंचाहत्तरीची, वाळलेली, हिरवं लुगडं. चुलीवर पातेलं होतं आणि त्यात हरभरे उकळत होते. "आलीस?" एवढंच म्हणाली आणि कालथ्याने दाणा दाबून बघितला. "घुगऱ्या कराय टाकल्यात."

आता माझी एक खोड आहे, मी हिशोब घालते. रसवाल्याने फोन केला तासाभरापूर्वी. हरभरे तासाभरात भिजत नाहीत. ते रात्रीच भिजत घालावे लागतात, आणि रात्री मी काटेवाडीत घोरत होते. मी तसं विचारलंही.

आक्का म्हणाली, "पानी उतारलं न्हवं का. म्हनलं येशील."

घुगऱ्या आपण करतो बारशाला. घरात तान्हं मूल दिसत नव्हतं. "बारसं कुणाचं आहे?" मी विचारलं. तात्या उठून बाहेर गेला. आक्काने पदराने हात पुसले आणि माझ्यासमोर बसली.

ती जे बोलली ते मी तिच्याच शब्दांत देते. "धरनाची भित्ताडं चढत हुती तवा मला पैली पोरगी झाली. बारशाच्या आदीच गेली. तान्हं जाळत न्हाईत, पुरत्यात. घराच्या मागं पुरली. मंग पानी आलं. देव हलिवला, उंबरं हलिवलं, तालमीतला मारुती हलिवला. माझी तेवढी ऱ्हायली. तिला नाव न्हाय गं. हाक मारायची तर कशी मारू? आन तिनं बी जायाचं तर कुन्या नावानं जायाचं?"

"मग तुम्ही जाऊन नाव ठेवा ना. आता पाणी उतरलंय."

"नाव आत्या ठिवती. ह्येंला भन न्हवती. तवा म्हनलं गावाची लेक ईल." तिने माझा हात धरला. हात गरम होता. "आन लेकीच्या आदी कुनी तितं पाय ठेवायचा न्हाय. पान्यातनं वर आल्याली भुई हाय ती. लेकीचं पाऊल आदी, मंग बाकीच्यांचं."

"मी लेक नाही हो आक्का. मी सून. माझं माहेरचं आडनाव गोखले."

"नवरा हाय?"

"नाही. गेले."

"नाव पुसलंस का मंग?"

"छे! ते कशाला पुसू?"

"मंग झालं तर," आक्का म्हणाली आणि चुलीकडे वळली.

संध्याकाळी तात्याने चिलापीचं कालवण आणि तळलेले तुकडे असा बेत केला. ही चिलापी म्हणजे उजनीच्या पाण्यातली मासळी. विकासने आडवा हात मारला. गोखल्यांच्या घरात मासा चालत नसे, मी ह्यांच्याबरोबर शिकले. पण ती कोणत्या पाण्यात पोसली हे मनात आलं आणि माझा घास फिरला. जेवताना मी तात्याला स्पष्ट विचारलं, "समजा लेकीच्या आधी कुणी गेलं तर काय होतं?"

तात्याने समोरच्या ओट्याकडे बोट केलं. तिथे एक म्हातारा बसला होता. "आमचा चुलता, किसनआबा. मागं एकदा पानी लई उतरलं तवा घडीव दगुड आनाया गेला. सांच्याला परत आला, धडधाकट. आता बगा." त्याने खणखणीत हाक मारली, "किसनआबा!" म्हातारा हलला नाही. तात्याने पुन्हा हाक मारली. म्हातारा तसाच. पलीकडे शेळी ओरडली, तशी त्याने चटकन मान वळवली.

"ऐकू येतंय त्याला," तात्या म्हणाला. "त्याचं नावच त्याला लागंना. बायकूनं मारली हाक, लेकानं मारली. वळून बगत न्हाय. ते नाव दुसऱ्याच कुनाचं हाय जनू."

मी सरळ सांगून टाकलं, "मला जमणार नाही तात्या. मी म्हातारी, बीपीची गोळी चालू आहे, उद्या सकाळी आम्ही परत जातो." आक्का आतून ऐकत होती हे मला माहीत होतं. मला भीती वाटली होती, याला दुसरा शब्द नाही. ह्यांनी दिलेली एकच गोष्ट माझ्याजवळ राहिली आहे, हे नाव. ते मी गाळात घालवून येऊ? बँकेत हाक मारतील 'बोरवंडकर' आणि मी ढिम्म बसून राहीन! ज्या नावाने ते मला चिडल्यावर हाक मारायचे, 'अहो बोरवंडकरबाई', ते परक्याचं होऊन बसेल. नको रे बाबा.

जुनं बोरवंड

सकाळी उठले तर चूल थंड होती. तात्या काळजीत. "आई न्हाय घरात. काठाला गेली आसंल."

गाडी काठावर नेली. पाणी खूप आत सरकलं होतं आणि मधे करड्या गाळाचं भेगाळलेलं मैदान. डावी-उजवीकडे दुसऱ्या गावांच्या बुडीत जमिनीत लोकांनी गाळात कलिंगडं लावली होती, माणसं राबत होती. उथळ पाण्यात रोहित पक्षी उभे होते. मधला पट्टा मात्र मोकळा. तिथे पीक नाही, पाखरू नाही, पाखराच्या पायाचा ठसासुद्धा नाही. बाभळीचे काळे बुंधे आणि जोत्यांच्या रांगा तेवढ्या दिसत होत्या.

गाळाच्या कडेला आक्का बसली होती. मांडीवर गाठोडं. पावलं कडेच्या अलीकडे, जपून आखडून घेतलेली. म्हातारपणी असं उकिडवं बसणं किती अवघड, हे माझे गुडघे जाणतात. मी जवळ गेले तरी तिने वर पाहिलं नाही.

"जावा तुमी," ती म्हणाली. मला 'तुमी' म्हणाली. "लांबचा पल्ला हाय तुमचा. मी आपली हितनं बगती जरा. पुढल्या बारीला पानी उतारंल तवा मी काय नसंन."

काय सांगू, त्या 'तुमी'ने माझं काळीज चिरलं. काल हात धरून 'तू' म्हणत होती. मी चपला काढल्या. विकास ओरडला, "मावशी, गाळ आहे, रुताल!" मी म्हटलं, "तू गप्प उभा राहा तिथेच." तात्याने त्याचा दंड धरला. लेक जाऊन परत येईपर्यंत दुसऱ्या कुणी पाय ठेवायचा नाही, आई तेवढी चालते, असं तो विकासला सांगताना मी ऐकलं.

"काय करायचं असतं?" मी आक्काला विचारलं.

"नाव सांगायचं. मोट्यानं."

शाळेत हजेरी घेताना लावायचे तो आवाज मी लावला. "मी शालिनी बोरवंडकर!"

उत्तर आलं नाही. पण आजूबाजूच्या शेतांतली बोलणी, पंपाची फटफट, रोहितांचा कलकलाट, सगळं एकदम थांबलं. वर्गात साहेब शिरल्यावर पोरं गप्प होतात तसं. मी पाय ठेवला. वरचा पापुद्रा मोडला, खाली गाळ घट्ट होता आणि, मे महिन्याच्या उन्हात, गार होता.

आक्का माझ्या मागोमाग, माझ्याच पावलांत पाय ठेवत आली. वाट तिने दाखवावी अशी माझी कल्पना. पण आदल्या दिवशी नवं गाव पाहिलं होतं ना, गल्लीला गल्ली तीच. मी न विचारता चालत गेले. मारुतीचा मोकळा चौथरा आला तिथे वळले, तिसऱ्या गल्लीत डावीकडे शिरले. एका जोत्यापाशी माझा पाय आपोआप उंच उचलला गेला, उंबरा ओलांडायला उचलतो तसा. उंबरा तिथे नव्हता, तो तर वर माळावर आहे. आक्का मागून म्हणाली, "व्हय. हितंच हुतं तुमचं."

तिच्या घरामागे एक खोलगट जागा होती. आक्का मटकन खाली बसली. कुठे, कशी, हे तिला शोधावं लागलं नाही. तिने गाठोडं सोडलं, जुन्या लुगड्यांचं मऊ दुपटं गाळावर अंथरलं, चारी कोपरे नीट केले. घुगऱ्यांची वाटी ठेवली. हळदीकुंकवाची बोटं ओढली. मग दोन्ही तळवे दुपट्यावर टेकून नुसती बसून राहिली. ती रडली नाही. मीच रडत होते.

"पाळना न्हाय," ती थोड्या वेळाने म्हणाली. "आन आत्याच्या पाठीत धपकं घालाया बाया बी न्हाईत. आसू दे. तेवढं नाव सांग तिला."

तिने माझ्या कानात नाव सांगितलं. इतकी वर्षं तिने ते कुणाला सांगितलं नव्हतं, तात्यालासुद्धा नाही. मीही ते इथे लिहीत नाही.

मी गुडघ्यांवर बसले, ओणवी झाले, दुपट्यावर बाळ निजलेलं असावं आणि त्याच्या कानाशी तोंड न्यावं तशी वाकले. माझ्या सख्ख्या भाच्यांची बारशी केली आहेत मी, सवयीने ओठ गोल झाले. कुर्रर्र केलं आणि नाव सांगितलं.

पाठीत धपका बसला.

मला वाटलं, आक्का. पण आक्काचे दोन्ही हात माझ्या नाकासमोर दुपट्यावर होते. दुसरा धपका बसला, मग तिसरा, मग एकदम खूप, बांगड्या वाजवत, ओल्या तळव्यांचे, सगळ्या बाजूंनी, बारशाला बायका अहमहमिकेने घालतात तसे. पोलकं पाठीला भिजून चिकटलं. मी डोळे मिटून घेतले, मान वर करायला धजले नाही. मग ते जसे आले तसे थांबले, आणि लांब कुणाच्यातरी कलिंगडाच्या शेतात पंपाची फटफट पुन्हा सुरू झाली.

मी डोळे उघडले. आक्का माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर, लेकीचं बारसं पार पडलं की आईच्या असतो तसला दमलेला आनंद होता. तिने घुगऱ्यांचे चार दाणे माझ्या हातावर ठेवले.

"लागलं का गं लई?" ती म्हणाली. "आमच्या गावच्या बाया जरा दनकूनच मारत्यात."